ग्वांगडोंगला गेलेल्या बायका

माझा आवाज गोड आहे. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला सांगत नाही. पुढे जे झालं त्यात या आवाजाचा हात आहे, म्हणून आधी सांगून टाकते.

कुनमिंगच्या आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर ज्येन यांनी मला कामाला घेतलं तेच मुळी आवाज आणि बोली बघून. मी शुआनवेइची. आमच्या डोंगरातल्या बायका सिगरेटला शिवत नाहीत आणि तरी चाळिशी-पन्नाशीत फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात. धूर ओकणारा कोळसा, घरातच चूल, थंडीमुळे दार बंद. माझी आई तशीच गेली, तिच्या आधी दोन आत्या गेल्या. ज्यांचं लवकर ध्यानात येतं त्या ऑपरेशनला कुनमिंगला येतात. गाठ काढतात, तिचा नखाएवढा तुकडा आमच्या फ्रीजरमध्ये पडतो आणि बाई गावाला परत जाते. पुढे तिचं काय झालं ते कळायला एकच वाट, फोन. ते फोन मी करायचे.

डॉक्टर ज्येन यांचं संशोधन साध्या शब्दांत असं. शरीराची स्वतःची एक फौज असते, रोगाशी लढणारी. त्या फौजेला हुकूम सोडणारी जी जनुकं, त्यातली कुठली गाठीच्या तुकड्यात जागी आहेत आणि कुठली झोपली आहेत ते मोजायचं. मग ती बाई जगली की गेली, गेली तर किती महिन्यांनी, हे त्याच्या समोर मांडायचं. अशा तीनशे बारा बायका. त्यातून कॉम्प्युटरने नऊ जनुकं निवडली. नऊंचा मिळून एक आकडा. आकडा रेषेच्या खाली आला तर धोका कमी, वर गेला तर जास्त. नवीन बाई आली की तिच्या गाठीवरून आकडा काढायचा आणि पुढचं भविष्य सांगायचं. निदान बेत तरी तसा होता.

"रुइशिया," डॉक्टर म्हणायचे, "माझी जनुकं अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं तुझ्या जिभेवर आहे."

मला ते ऐकून भारी वाटायचं. मी संध्याकाळी सहा ते आठ फोन करायचे, कारण तेव्हा अख्खं घर जेवायला एकत्र असतं आणि कुणीतरी उचलतंच. विचारायचं थोडकंच. पेशंट कशी आहे, दुखणं परत उलटलं का, ती हयात नसेल तर कधी गेली. शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. एका आजोबांनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सुनावलं, "विमा नको! जमीन नको! बायकोसुद्धा नको, आहे तीच आवरत नाही!" मागून त्यांची बायको ओरडली, "कोण आहे हो ती? विचारा, तिला नवरा हवाय का. घेऊन जा म्हणावं!" ही बाई चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली. मी हसत हसत वहीत लिहिलं, जिवंत.

शंभरात दहापेक्षा जास्त बायकांचा पत्ता लागला नाही तर पेपर कुणी छापत नाही. म्हणून मी कुणालाच हरवू द्यायचे नाही. फोनवर कुणी म्हणालं, "बरी आहे, ग्वांगडोंगला कामाला गेलीय," की मी 'जिवंत' लिहायचे आणि पुढचा नंबर लावायचे. आमच्या भागातलं अर्धं गाव ग्वांगडोंगला, तिकडे लांब समुद्राकाठच्या कारखान्यांत, कामाला असतं, त्यात नवल ते काय? डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की शंभरातल्या फक्त तिघी हरवल्या, आणि हा रुइशियाचा पराक्रम. मला तेव्हा मूठभर मांस चढलं होतं.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. त्या फेब्रुवारीत फेंगच्याओताईची गाठ निघाली.

फेंगच्याओ माझी मावसबहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची, ती चौदाची. मावशीने मला आपल्या घरी आणलं आणि ताईने मला पाठीला बांधून वाढवलं. खरंच बांधून. पाठीवर मी, हातात बादली आणि तोंडाने मला शिव्या, "जडच होत चाललीयस, दगडफोडे!" मी बारा वर्षांची झाले तरी ती मला दगडफोडेच म्हणायची.

ऑपरेशन चांगलं झालं. तिला सांगितलं की क्षयाचा जुना डाग होता, काढून टाकला. मावशीलाही तेच सांगितलं. आमच्याकडे रोग्याला रोगाचं नाव सांगत नाहीत. नाव कळलं की माणूस निम्मा तिथेच मरतो, असं सगळे मानतात. मीही मानायचे. आता प्रश्न एवढाच होता की केमो द्यायची की नाही. तिचा टप्पा असा अडनिडा की पाच डॉक्टर दे म्हणतील आणि पाच नको म्हणतील. भावोजींना, म्हणजे छांगशुनना, ती नकोच होती.

"केस गेले की तिला कळेल," ते म्हणाले. "क्षयाने कुणाचे केस जातात का? ती काय खुळी आहे?"

मी डॉक्टर ज्येन यांच्या मागे लागून ताईच्या गाठीचा आकडा काढून घेतला. मार्चच्या शेवटी कागद हातात आला. आकडा रेषेच्या बराच खाली. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दोनचारदा उगीच काढून बघितला.

मग छिंगमिंगचा सण आला. मी आईच्या थडग्याची साफसफाई करायला गावाकडे गेले. गवत उपटून झालं, संत्री मांडली, आईच्या नावाने कागदी नोटा जाळल्या. उतरताना शेजारच्या उतारावर एक नवा दगड दिसला. तसं मला लोकांचे दगड वाचायची सवय नाही, पण हे नाव ओळखीचं वाटलं. त्साइयुन. वय त्रेचाळीस. गेल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली.

जानेवारीत मी तिच्या घरी फोन केला होता. बरी आहे, ग्वांगडोंगला चपलांच्या कारखान्यात आहे, असं ऐकून 'जिवंत' लिहिलं होतं.

तिचा नवरा, लू नावाचा एक वाळका माणूस, दगडापाशी उकिडवा बसून सिगरेट ओढत होता. मी कोण ते सांगितलं. तो अजिबात दचकला नाही.

"तो आवाज तुमचा होय? गोड आहे हो. मला वाटलं रेडिओवरून कुणी बोलतंय."

"लूदादा, तुम्ही मला सांगितलं त्या कारखान्यात आहेत."

"सासूबाई समोर बसल्या होत्या. मला भात वाढत होत्या. काय सांगू? ऐंशीच्या घरातली बाई. तिला अजून माहीत नाही."

"पण मी हॉस्पिटलातून विचारत होते ना!"

"मग? हॉस्पिटलला कळून काय होणार होतं? मेलेल्या बाईला सलाईन लावणार होतात?" त्याने सिगरेट मातीत विझवली. "ग्वांगडोंगला पाठवली म्हणायचं. सगळेच तसं करतात. तुम्ही इथल्याच ना? तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. माझा मामा खाणीत मेला तेव्हा आजीला सांगितलं होतं की तो ग्वांगडोंगला आहे, आणि आजी मरेपर्यंत तो तिथेच होता. दर नव्या वर्षाला आम्ही त्याच्या नावाने तिला मोजे आणून द्यायचो. हे माझ्याच घरचं खोटं होतं. परक्या मुलखातली कुणी फोन करणारी असती तर तिला माफ करता आलं असतं. आणि मी तर या बायकांच्या छातीचे फोटो बघितले होते. फुप्फुसाचा एक भाग कापून काढलेली बाई दोन वर्षांत चपला शिवायला दोन हजार किलोमीटर लांब जाते, हे मी वहीत लिहिलं कसं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

कुनमिंगला येऊन वही उघडली. पन्नाशीच्या आतल्या चौदा बायका ग्वांगडोंगला होत्या. यावेळी मी सकाळी दहाला नवऱ्यांच्या मोबाइलवर फोन लावले, ते कामावर, घरच्या म्हाताऱ्यांपासून लांब असताना. चौदातल्या अकरा मेलेल्या निघाल्या. एक जण तर मला "बोलावंसं वाटत होतं कुणाशीतरी" म्हणाला आणि वीस मिनिटं रडला.

कुणाच्या मरणावर पांघरूण पडतं? जिची म्हातारी आई अजून जिवंत आहे तिच्या. म्हणजे तरण्या बायकांच्या. म्हाताऱ्या बायका मेल्या तर घरचे सरळ सांगतात, मेली. म्हणजे माझ्या वहीत तरण्या बायका मरतच नव्हत्या. त्या तरण्या बायकांच्या गाठींत जी जनुकं जागी होती, त्यांना कॉम्प्युटरने भाबडेपणाने चांगली ठरवलं होतं. तो बिचारा काय करणार, मी सांगितलं ते त्याने ऐकलं. आणि फेंगच्याओताई शेहेचाळीसची, तिची आई जिवंत. ती नेमकी याच बायकांतली होती.

हे मला एप्रिलच्या आठ तारखेला दुपारी कळलं. डॉक्टर ज्येन यांची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. दार उघडं होतं. आत जाऊन "डॉक्टर, अकरा नावं चुकलीत, गणित परत मांडा" एवढंच म्हणायचं होतं. एका दिवसाचं काम.

मी गेले नाही.

का, ते सांगते. पेपर तपासणीला गेला होता. डॉक्टरांची बढती जूनमध्ये होती आणि तिला तो पेपर लागणार होता. त्याच जूनमध्ये मला कायम करणार होते. सात वर्षं मी वर्षावर्षाच्या करारावर काम करत होते. अकरा नावांनी नाव कुणाचं जाणार होतं? पराक्रमी रुइशियाचं. मी मनाशी म्हटलं, तीनशे बारात अकरा म्हणजे चिमूटभर, काही फरक पडणार नाही. म्हटलं, जूनपर्यंत थांबू. मन किती लवकर वकील होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी छांगशुन भावोजी आले. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये आम्ही तांदळाच्या शेवयांचे वाडगे घेऊन बसलो. मी कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना आकड्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनी तो वर-खाली नीट वाचला.

"म्हणजे केमो नको?"

"डॉक्टर म्हणतात, आकडा खाली असेल तर नाही दिली तरी चालते."

"डॉक्टरांचं सोड. तू सांग. तुझीच बहीण आहे."

मी वाडग्यातली मिरची बाजूला सारत होते. "आकडा चांगला आहे, भावोजी," मी म्हणाले.

आकडा चांगलाच होता. माझं वाक्य खरं होतं. त्या वाक्याइतकं खोटं मी जन्मात बोलले नाही.

भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आपल्या वाडग्यातले मांसाचे तुकडे उचलून माझ्या वाडग्यात घातले. "खा. वाळलीयस. फोन करून करून वाळलीयस."

जूनमध्ये डॉक्टरांना बढती मिळाली. मी कायम झाले. ऑगस्टमध्ये पेपर छापून आला. मी विनंती करून फोनचं काम सोडलं आणि रक्त घेतात त्या खिडकीवर बदली मागून घेतली. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. "मूठ वळा, मूठ सोडा," संपलं. डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला निरोपाला पेन दिलं. वही तशीच नव्या मुलीकडे गेली, आणि तो आकडा नव्या बायकांच्या कागदांवर येत राहिला.

जानेवारीत ताईचं डोकं दुखायला लागलं. मार्चमध्ये ती मला दगडफोडे म्हणायच्या ऐवजी माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागली. रोग मेंदूत गेला होता. सप्टेंबरमध्ये ती कुनमिंगला आमच्याच हॉस्पिटलात वारली. केमोने ती वाचली असती का? डॉक्टर सांगतात की त्या टप्प्यावर केमोने शंभरातल्या चार-पाच जणी जास्त वाचतात. त्या चार-पाचांत ती असती की नसती, हे मला कुणीही, कधीही सांगू शकणार नाही. मला वाटतं हीच माझी शिक्षा आहे, आणि कधी वाटतं की ही माझी पळवाट आहे.

मावशीला सांगायचं नाही असं ठरलं. सत्त्याहत्तर वर्षं, बीपी, एकटी. काय सांगायचं तेही ठरवायला लागलं नाही. ताई बरी झाली आणि भावोजींबरोबर ग्वांगडोंगला गेली. भावोजी तिकडून ताईच्या फोनवरून मावशीला मेसेज लिहायचे, आणि मी सुट्टीला गेले की मावशीला ते वाचून दाखवायचे. "आई, इथे गरम आहे. आई, थंडीचे कपडे घाल." मावशी ऐकायची, बरं म्हणायची. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी वाचताना तिच्याकडे बघायचे नाही.

डिसेंबरमध्ये डुक्कर मारलं, त्याची मांडी वर्षभर टिकावी म्हणून तिला मीठ लावतात, त्या दिवशी मी गेले. मावशी अंगणात पाटावर बसून डुकराच्या मांडीवर दोन्ही हातांनी मीठ चोळत होती. आमच्या गावात ते काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. तेवढ्यात खिडकीत ठेवलेला तिचा फोन वाजला.

"उचल गं. माझे हात मिठाचे आहेत. मोठ्याने लाव, मला कमी ऐकू येतं."

मी बटण दाबलं.

"नमस्कार, मी कुनमिंगच्या हॉस्पिटलातून बोलतेय. फेंगच्याओ यांचं घर ना? त्यांची तब्येत कशी आहे विचारायचं होतं."

पोरीचा आवाज गोड होता. मावशीचा नंबर फॉर्मवर मीच लिहिला होता, कारण म्हातारी घर सोडून कुठे जात नाही. मावशी मीठ चोळायची थांबली होती. मी तोंड उघडलं आणि विचार करायच्या आत शब्द बाहेर पडले.

"बरी आहे. ग्वांगडोंगला—"

"इकडे धर तो फोन," मावशी म्हणाली.

मी धरला. तिने मान पुढे केली आणि आपण बहिऱ्याशी बोलतो तशी ती मोठ्याने बोलली. "पोरी, मी तिची आई. ती गेली. लिही. चंद्राच्या सणाच्या आधी चार दिवस."

 मी फोन तसाच धरून तिच्याकडे वळले.

"मावशी, तुला कुणी..."

"कुणी नाही. त्या दिवशी जावयाने फोन करून मला तीनदा विचारलं, आई, जेवलात का. वीस वर्षांत त्याने मला एकदा विचारलं नव्हतं. आणि तुम्ही दोघं अक्कलवान! लिहिलेले निरोप? माझ्या पोरीला माहीत होतं मला वाचता येत नाही. ती बोलून पाठवायची. मिठाच्या दिवशी तर न चुकता, की आई, मीठ हात आखडून घाल. आज सकाळपासून मी फोन खिडकीत ठेवलाय." तिने नाक खांद्याला पुसलं. "क्षय नव्हता, तेही माहीत होतं. तुझ्या आईला मीच पोचवलं ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बरं वाटत होतं म्हणून."

फोनमधून पोरगी हळूच म्हणाली, "आजी, मला फार वाईट वाटतं. मी लिहून घेतलं."

"लिहिलंस ना? बरोबर लिही. तुझ्या वहीत अशा आणखी बायका आहेत का गं, ग्वांगडोंगला गेलेल्या?"

"आहेत, आजी. पुष्कळ आहेत."

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिला शाळा माहीत नाही, जनुकं माहीत नाहीत. पण तिने मला चार वर्षांची असल्यापासून बघितलंय, आणि मी अंडं चोरलं की माझे कान लाल होतात हे तिला माहीत आहे.

"जावई तुझा कागद घेऊन आला होता," ती सावकाश म्हणाली. "इथेच बसून मला म्हणाला, आई, जड औषध लागणार नाही, रुइशियाने लिहून दिलंय. तो कागद अशाच वहीतून आला होता?"

"हो."

"वही खोटी आहे, हे तुला कधी कळलं?"

अंगणात कोंबड्या मिठाच्या खड्यांना चोच लावत होत्या. मी म्हणू शकले असते, नंतर. ते तपासायला कुणी येणार नव्हतं.

"कागद दिला त्याच्या आदल्या दिवशी," मी म्हणाले.

 मावशीने डुकराची मांडी उलटी केली, मूठभर मीठ घेतलं आणि हाडाच्या खाचेत अंगठ्याने दाबून भरायला लागली.  मग मान वर न करता म्हणाली, "ती पोर ताटकळलीय. नावं सांग तिला."

"कुठली?"

"मेलेल्यांची. तुला पाठ असतील."

पाठ होती. मी त्साइयुनपासून सुरुवात केली. अकरा नावं, गावं, महिने. पोरगी मध्येमध्ये "थांबा हं ताई" म्हणायची आणि लिहायची. शेवटी तिने विचारलं, ही माहिती कुणी दिली म्हणून लिहू? मी माझं पूर्ण नाव सांगितलं आणि डॉक्टर ज्येन यांना आजच दाखव म्हणून बजावलं. फोन बंद केला, पुसला आणि खिडकीत परत ठेवला.

दुपार झाली होती. आत चुलीवर भात आणि ताज्या मांसाचा रस्सा होता, वास अंगणापर्यंत येत होता. त्या घरातून मी आजवर न जेवता कधी बाहेर पडले नव्हते. भांडून निघाले तरी मावशी वाडगा घेऊन फाटकापर्यंत मागे यायची. मी कोट घातला, पर्स घेतली, उगीच एकदा पर्स उघडून बंद केली. मावशी मीठ चोळत होती. तिने जेवून जा म्हटलं नाही, आणि मी निघाले.